हलत्या वॉलपेपरसाठी ७९.९५ डॉलर, आणि वर माझाच प्रोसेसर भाड्याने!

आधी हिशोब. ‘लाइफटाइम’ लायसन्स २४.९९ डॉलर. ‘४के पॅक’ ९.९९ डॉलर. मग न विचारता दरमहा १४.९९, असे तीन महिने. एकूण ७९.९५ डॉलर, डेस्कटॉपवर पाऊस पडताना दिसावा म्हणून. हसायचं तर हसून घ्या. पैशांपेक्षा मोठी चोरी तिसऱ्या महिन्यात कळली, ती मात्र वाचा.

असे वॉलपेपर विकणाऱ्या साइटचा साचा सगळ्यांना पाठ आहे: उलटं धावणारं घड्याळ, ‘आज शेवटचा दिवस’, तळाला बारीक अक्षरांत पॅकचं मासिक नूतनीकरण. ते मी वाचलं नाही, माझी चूक. पण ज्याला ‘लाइफटाइम’ विकलं त्याच्याकडून दरमहा पैसे कापायचे, याला काय म्हणायचं?

डाउनलोड झालेल्या झिपला पासवर्ड होता आणि तो शेजारीच लिहिलेला. कुलूप लावून किल्ली दारातच टांगायची, तर कुलूप कशाला? अँटिव्हायरससाठी. पासवर्डवाल्या झिपच्या आत त्याला डोकावता येत नाही. पुढची सूचना होती: ‘प्रोग्रॅम डेस्कटॉपशी जोडला जातो म्हणून अँटिव्हायरस चुकून अडवतो, पाच मिनिटं बंद ठेवा.’

मला हे पटलं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. विंडोजमध्ये आयकॉनच्या मागे व्हिडिओ चालवायची युक्ती खरंच आडवळणाची आहे. ‘प्रोगमॅन’ नावाच्या विंडोला ०x०५२सी हा संदेश पाठवला की विंडोज आयकॉनच्या मागे ‘वर्करडब्ल्यू’ नावाची विंडो तयार करतं, आणि व्हिडिओ त्या विंडोत बसवतात. विंडोज व्हिस्टा अल्टिमेटमध्ये २००७ साली मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ड्रीमसीन आलं होतं. विंडोज ७ मध्ये ते काढून टाकलं आणि लोक बाहेरचे प्रोग्रॅम धुंडाळू लागले. हे सगळं माहीत होतं, म्हणूनच फसलो. काहीच माहीत नसतं तर कदाचित घाबरून थांबलो असतो.

मग स्क्रीन काळवंडली आणि परवानगीची चौकट आली. पिवळी पट्टी, प्रकाशक: अज्ञात. मी ‘येस’ दाबलं.

इथेच! याच क्षणी हात मागे घ्यायला हवा होता. वर सांगितलेली युक्ती वापरकर्त्याच्या साध्या अधिकारात होते, तिला ॲडमिनची परवानगी लागतच नाही. इन्स्टॉलरला प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसायचं असेल तर तो परवानगी मागतो, हे खरं, आणि मी स्वतःची समजूत तशीच काढली. पण अज्ञात प्रकाशक, कुलूपबंद झिप आणि ‘अँटिव्हायरस बंद करा’ हे तिन्ही एकत्र आल्यावर आणखी कुठली घंटा वाजायची राहिली होती?

वॉलपेपर चालू झाला. पाऊस पडला. पंखाही घोंघावू लागला.

लबाडी इथे आहे. हलता वॉलपेपर म्हटला की मशीन तापणारच, असं आपणच धरून चालतो. दुसऱ्याचा प्रोसेसर चोरून क्रिप्टो खणायचं, म्हणजे त्यावर गणितं चालवून डिजिटल चलन कमवायचं, तर याहून चांगलं पांघरूण नाही. खरं तर आजच्या ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी वेगळा भाग असतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप), तिथे ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख पाहा: भार तिथे दिसला पाहिजे, प्रोसेसर जवळपास निवांत हवा. शिवाय बरे प्रोग्रॅम समोर पूर्ण स्क्रीनची खिडकी आली की व्हिडिओ थांबवतात. माझा पंखा तेव्हाही थांबत नव्हता, आणि हे मी तीन महिने ऐकत बसलो होतो.

टास्क मॅनेजर उघडला की मात्र सगळं शांत. म्हणून तापमान दाखवणारा प्रोग्रॅम बाजूला चालू ठेवला. काहीही उघडं नसताना ८४ अंश. टास्क मॅनेजर उघडला, आकडा घसरत ५२ वर आला. बंद केला, अर्ध्या मिनिटात पुन्हा ८० च्या वर. पुन्हा उघडला, पुन्हा खाली. पोलिसाची चाहूल लागताच पत्ते लपवणाऱ्या जुगाऱ्यासारखं!

टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या यादीत, ‘अपडेट’ अशा सोज्वळ नावाची नोंद होती, लॉगिन होताच सर्वोच्च अधिकाराने चालणारी. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एक्सक्लूजन्स इथे जाऊन बघा. माझ्याकडे अख्खा प्रोग्रॅमडेटा फोल्डर तपासणीतून वगळलेला होता. त्या एका ‘येस’ची ही कमाई. वॉलपेपर अनइन्स्टॉल केल्यावर पाऊस गेला, खाणकाम राहिलं. विंडोज नव्याने टाका, उगाच एकेक फाइल उपटत बसू नका. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण, चोरीला गेली असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही.

बरं, तो ‘४के’ तरी खरा होता का? फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स पाहिले: ३८४० बाय २१६०, पण डेटा रेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती, फक्त २,४०० केबीपीएस. तीस सेकंदांचा व्हिडिओ ९ एमबी! चांगल्या ४के व्हिडिओला २० एमबीपीएस धरा, म्हणजे तीस सेकंदांना ७५ एमबी. लहान व्हिडिओ ताणून मोठा केलेला, पावसाच्या धारा चौकोनी ठिपक्यांच्या. हेही पहिल्याच दिवशी दिसत होतं.

आता बँक. पहिला फोन ४० मिनिटं. उत्तर: ‘कार्डाचा तपशील तुम्हीच भरला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. विक्रेत्याशी बोला.’ विक्रेत्याचा ईमेल परत येतो, हे तीनदा सांगितलं. दुसऱ्या फोनवर कार्ड बदलून दिलं आणि विषय संपला म्हणाले. संपत नाही! कार्ड बदललं तरी काही वेळा नवा नंबर जुन्या विक्रेत्याकडे आपोआप पोचतो. ‘या विक्रेत्याची आवर्ती वसुली रद्द करा’ असं नेमक्या शब्दांत लेखी मागा. चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची, मुदत बऱ्याच प्रकारांत १२० दिवसांची असते. ती मला कुणी सांगितली नाही, ‘तपास चालू आहे’ म्हणत दिवस मात्र ढकलले.

सायबर तक्रार कक्षात तर कहर. फॉर्ममध्ये प्रकार निवडायचा: बँक फसवणूक की हॅकिंग? दोन्ही निवडता येत नाहीत. हॅकिंग निवडलं तर ‘पैसे तुम्हीच भरले’, बँक फसवणूक निवडलं तर ‘रक्कम किरकोळ’. मायनरची (क्रिप्टो खणणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल, शेड्युलरची नोंद, तापमानाचे आकडे, सगळं जोडलं. दोन आठवड्यांनी उलट विचारणा आली: वॉलपेपरचा स्क्रीनशॉट पाठवा.

पाठवला. पावसाचा.

हलत्या वॉलपेपरचं हेच काम ‘लाइव्हली वॉलपेपर’ हा प्रोग्रॅम फुकट करतो. सोर्स कोड खुला आहे आणि तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरही मिळतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरच्या व्हिडिओ मेन्यूत ‘सेट ॲज वॉलपेपर’ आहे. ते काही मशीनवर चालत नाही, तेव्हा व्हिडिओ आउटपुट बदलून बघावं लागतं. पैसेच द्यायचे तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला ‘वॉलपेपर इंजिन’ एकदाच विकत घ्यायचा असतो. आणि फाइल नावाच्या शेवटी डॉट ईएक्सई किंवा डॉट एससीआर असेल तर तो व्हिडिओ नव्हे. एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आजच चालू करा, नाहीतर नाव एमपी४ वर संपल्यासारखं दिसतं.