अंतरपाट आणि दोन कॅमेरे

मुलीचं लग्न डिसेंबरात कराडला, लॉनवर झालं. शूटिंग ओळखीतल्या दोन तरुण मुलांना दिलं होतं. दोन कॅमेरे, ड्रोन, एडिटिंग धरून ६५ हजार. मी स्वतः १९९२ ते २००५ लग्नांचं शूटिंग केलंय. खांद्यावर व्हीएचएस, शेजारी हॅलोजन धरलेला पोरगा. म्हणून पेनड्राइव्ह हातात आल्यावर आधी अंतरपाटाचा भाग काढून बघितला.

शूटिंगवाल्याची परीक्षा तिथंच असते. पाहुण्यांच्या बाजूनं टू-शॉट, म्हणजे दोघं एकाच चौकटीत, घेतला तर दोघांचे चेहरे अर्धेच दिसतात. मुलीच्या मामाच्या खांद्यावरून घेतला तर पाट खाली येताच नवरदेव समोर, पण मुलगी पाठमोरी. माझ्याकडे एकच कॅमेरा असायचा. टू-शॉट धरायचो आणि ‘सावधान’ झालं की नवरीच्या चेहऱ्याकडे धावायचो. तोवर तिची नजर खाली गेलेली असायची. इतक्या वर्षांत तो क्षण मला मनासारखा एकदाही मिळाला नाही.

या मुलांनी एक कॅमेरा मुलीच्या मामामागे, दुसरा नवरदेवाच्या मामामागे लावला आणि दोन्ही पाहुण्यांच्याच अंगाला ठेवले. एक जरी बोहल्याच्या पलीकडे गेला असता, तर शॉट जोडल्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसली असती. इथं ती उजवीकडे बघते, तो डावीकडे, आणि नजरेला नजर मिळते. माझी पोर हसली होती हे मला त्या दिवशी गर्दीत कळलंच नव्हतं.

कन्यादानाला एकजण स्टुलावर चढला होता. वरून क्लोजअप: ओंजळीखाली ओंजळ आणि मुलीच्या आईनं सोडलेली पाण्याची धार. एकही चेहरा नाही. धार मध्येच थरथरते, तेवढंच. तो शॉट मी चारदा मागे नेऊन पाहिला.

ड्रोन मात्र वरातीपुरताच सांगा. मंगलाष्टका माझी बहीण म्हणत होती, तिच्या आवाजात त्याची घरघर मिसळली आहे. अक्षतांचं स्लो मोशनही जास्त झालंय. महिन्यात देतो म्हणाले, सात आठवडे लागले.

तरी धाकटीच्या लग्नालाही यांनाच सांगणार. आदल्या संध्याकाळी दोघं येऊन रिकाम्या बोहल्याभोवती उभं राहून बघत होते, मामा कुठं उभे राहणार ते मला विचारत होते.