ब्रिटिश पूर्वजांचा शोध: सैन्याच्या कागदांपासून सुरुवात करावी की रेल्वेच्या दप्तरापासून?

ब्रिटनमधील एखाद्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला, की जन्माच्या दाखल्यात पुष्कळदा दोन गोष्टी एकदम नजरेत भरतात. मुलाचे नाव ‘रेडव्हर्स’ किंवा ‘व्हर्डन’ असे रणांगणाची आठवण करून देणारे असते आणि बापाच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘रेल्वे हमाल’ किंवा ‘प्लेटलेअर’ (रूळ बसवणारा व त्यांची देखभाल करणारा कामगार) लिहिलेले असते. दोन्ही धागे ओढून पाहण्याजोगे असले, तरी वेळ आणि संकेतस्थळांची वर्गणी या दोन्हींना मर्यादा असल्यामुळे आधी कोणता हाती घ्यावा, हा प्रश्न उरतोच. माझे मत स्पष्ट आहे. पूर्वज रेल्वेत नोकरीला असल्याचा पुरावा असेल तर आधी रेल्वेचे दप्तर चाळावे, सैन्याची कागदपत्रे त्यानंतर पाहावीत आणि नावाचा उपयोग केवळ काळाचा अंदाज बांधण्यापुरता करावा.

नावाचा मोह सर्वांत मोठा असतो, म्हणून त्याचाच विचार आधी करू. रशियाविरुद्धच्या क्रिमियातील लढायांनंतर, म्हणजे 1854च्या अखेरीपासून, ‘आल्मा’ हे मुलींचे आणि क्वचित ‘इंकरमन’ हे मुलांचे नाव नोंदींत दिसू लागते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी जनरल रेडव्हर्स बुलर यांच्यावरून ‘रेडव्हर्स’, मॅफेकिंगचा वेढा 17 मे 1900 रोजी उठल्यावर तेथील ब्रिटिश सेनानी बेडन-पॉवेल यांच्यावरून ‘बेडन’ आणि त्याच सुमारास ‘लेडीस्मिथ’ व ‘प्रिटोरिया’ ही नावे आली. पहिल्या महायुद्धात ‘मॉन्स’, ‘ईप्र’, ‘आरास’ या रणक्षेत्रांच्या नावांची भर पडली. ब्रिटिश परिचारिका एडिथ कॅव्हेल यांना 12 ऑक्टोबर 1915 रोजी जर्मनांनी गोळ्या घातल्या, त्यानंतर ‘कॅव्हेल’ हे मधले नाव म्हणून दिसू लागले. मात्र ही नावे बापाच्या सैनिकी सेवेची साक्ष देतात असे समजणे धोक्याचे आहे. 1916ची व्हर्डनची लढाई फ्रेंच आणि जर्मन सैन्यांत झाली, ब्रिटिश फौजांची नव्हे; तरीही ब्रिटिश आईबापांनी ते नाव मुलांना दिले. याचा अर्थ एवढाच, की घरात वर्तमानपत्र येत होते आणि युद्धाची बातमी मनाला भिडली होती. शिवाय इंग्लंड-वेल्समध्ये जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत असल्यामुळे, घटनेच्या थोडे आधी जन्मलेल्या मुलालाही तिचे नाव मिळू शकत होते. आणि पुढच्या पिढीतली ‘आल्मा’ तर बहुधा केवळ आजीचे नाव चालवत असते.

सैन्याची कागदपत्रे मिळाली, तर त्यांच्याइतका तपशील दुसरीकडे क्वचितच सापडतो. भरतीच्या अर्जात वय, व्यवसाय, उंची आणि जवळच्या नातेवाइकाचा पत्ता असतो. विवाहित शिपायाच्या कागदांत लग्नाची तारीख आणि मुलांचे जन्मही नोंदलेले आढळतात. अडचण आहे ती ‘मिळाली तर’ या दोन शब्दांत. पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या सेवापत्रकांचा निम्म्याहून अधिक भाग सप्टेंबर 1940 मध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातील युद्ध खात्याच्या कोठारावर बॉम्ब पडून जळून गेला. उरलेली पाने कडा करपलेली आणि पाण्याने डागाळलेली आहेत. ती लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ (युद्ध खाते) 363 या मालिकेत आहेत. पदकांची सूचिपत्रे जवळजवळ सर्वांची शिल्लक आहेत, पण त्यांवर नाव, हुद्दा, पलटण आणि क्रमांक यांखेरीज फारसे काही नसते. पूर्वजाचे नाव जॉन स्मिथ असेल आणि क्रमांक ठाऊक नसेल, तर अशी शेकडो पत्रे समोर येतात आणि त्यांतले आपले कोणते, हे ठरवायला आधारच उरत नाही. क्रिमियाच्या काळात तर निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडलेल्यांचेच सेवापत्रक सहसा जपले गेले. जो रणांगणावर किंवा इस्पितळात मेला, त्याच्यासाठी पलटणीचे हजेरीपट धुंडाळावे लागतात.

रेल्वेच्या नोंदींना असा नाट्यमय इतिहास नाही, आणि तेच त्यांचे बळ आहे. कंपन्यांची नोकरपत्रके 1830च्या दशकापासून मिळतात आणि 1 जानेवारी 1948 रोजी राष्ट्रीयीकरण होईपर्यंतच्या खासगी कंपन्यांची बरीचशी दप्तरे क्यू येथे ‘रेल’ या नावाखाली एकत्र आहेत. त्यांतील मोठा भाग ऑनलाइनही शोधता येतो. एका माणसाच्या नोंदीत नेमणुकीची तारीख, स्थानक, हुद्दा, आठवड्याचा पगार, प्रत्येक वाढ, प्रत्येक बदली आणि कामावर उशिरा आल्याबद्दल किंवा चुकीचा सांधा फिरवल्याबद्दल झालेला दंड एका ओळीखाली एक लिहिलेला असतो. महायुद्धातील सैन्याचा कागद माणसाची बहुधा तीन-चार वर्षे दाखवतो. रेल्वेचे पत्रक कधी कधी चौदाव्या वर्षी लागलेल्या पोऱ्याला निवृत्तीपर्यंत सोडत नाही. बदल्यांची गावे हाती आली, की मुलांचे जन्म कोणत्या परगण्यात शोधायचे हेही आपोआप कळते.

तरीही दोन खाचखळगे आहेत. एक, कंपनीचे नाव माहीत नसेल तर दप्तर उघडता येत नाही. त्यावर 1921ची जनगणना हा उत्तम उपाय आहे, कारण तिच्यात मालकाचे नाव विचारले होते आणि 1 जानेवारी 1923 रोजी बहुतेक कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन होण्याआधीची ती नोंद असल्यामुळे जुन्या कंपनीचेच नाव मिळते. दोन, रेल्वेशी संबंध असलेला प्रत्येक जण रेल्वेचा नोकर नव्हता. मार्ग खोदणारे मजूर कंत्राटदाराचे असत आणि कंपनीच्या पत्रकात सहसा सापडत नाहीत. 1869 ते 1876 या काळात उत्तर इंग्लंडमधील सेटल-कार्लाइल मार्ग बांधला गेला, तेव्हाच्या वस्त्यांतील मजूर आणि त्यांची मुले चॅपल-ल-डेलच्या चर्चच्या दफन नोंदींत भेटतात, क्यूमध्ये नव्हे. जनगणनेतील ‘इंजिन ड्रायव्हर’ हा शब्दही फसवा आहे, कारण कोळशाच्या खाणीतील पाळणा चालवणाऱ्यालाही तेच म्हणत.

दोन्ही वाटा जिथे मिळतात, तिथे रेल्वेची बाजू आणखी भक्कम होते. ग्रेट वेस्टर्न कंपनीचे मासिक 1888 मध्ये सुरू झाले होते आणि महायुद्धात त्यात युद्धावर गेलेल्या, जखमी व मृत झालेल्या कर्मचाऱ्यांची माहिती येत असे. जळालेल्या सेवापत्रकाची काही भरपाई तेथे होते. उलट उदाहरण स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिलचे आहे. 22 मे 1915 रोजी तेथे झालेल्या रेल्वे अपघातात रॉयल स्कॉट्सच्या एका बटालियनचे दोनशेहून अधिक सैनिक मेले आणि बटालियनची नामावलीही आगीत गेली, त्यामुळे मृतांचा नेमका आकडा आजही वादाचा आहे. ज्याचा पूर्वज त्या गाडीत होता, त्याने अर्थातच पलटणीच्या नोंदींपासून आरंभ करावा.

महाराष्ट्राशी जोडलेल्या घराण्यांसाठी पत्ता वेगळा आहे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि पुढील दशकांत इगतपुरी, लोणावळा, भुसावळ येथे ब्रिटिश ड्रायव्हर, फोरमन यांची कुटुंबे राहिली. त्यांच्यासाठी क्यूची फेरी वाया जाईल. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या लंडनला पाठवलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) दप्तरात एन/3 या मालिकेत आहेत, आणि लंडनमध्ये करार करून पाठवलेल्या नोकरांची कागदपत्रेही त्याच दप्तरात पाहावीत.

घरी पदक जपलेले असेल, तर मात्र हा क्रम उलटा करावा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती आधी वाचावी, कारण त्या क्रमांकाने पदकांच्या सूचिपत्रांतील सारे जॉन स्मिथ बाजूला होऊन एकच उरतो.