मॉडिफाय केलेली व्ही-क्रॉस विकताना: कशाला किंमत आली, कशाला नाही

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २.५ लिटर डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. सह्याद्रीतले घाट, कोकणातले कच्चे रस्ते, एक मोठी स्पितीची फेरी, असा भरपूर वापर झाला. तक्रार काहीच नव्हती. जवळपास ५.३ मीटर लांबीची पिकअप पुण्यातल्या नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेना, म्हणून विकायला काढली. विक्रीला काही महिने लागले.

मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा गाडीच्या किमतीत परत येत नाही, हे आधीच धरून चला. जुन्या गाड्यांचा डीलर मॉडेलचं वर्ष, किलोमीटर आणि कितवा मालक एवढंच बघतो. लिफ्ट केलेलं, म्हणजे गाडी उंच करणारं सस्पेन्शन दिसलं की ‘गाडी रगडलेली आहे’ म्हणत भाव पाडतो. पण तेच पार्ट सुटे काढून ऑफ-रोडवाल्यांना दिले, तर बरे पैसे हाती येतात. माझ्या विंचला (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) जाहिरात टाकली त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक मिळालं. छतावरचा तंबू, लाइट बार आणि फ्रिजही पाठोपाठ गेले. पुढच्या बाजूचा लोखंडी बुलबार (धडकेपासून वाचवायला लावतात तो दांड्यांचा सांगाडा) काढून मूळ बंपर परत बसवला. बुलबारला केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच मनाई केली आहे, आणि मला गाडीबरोबर पुढच्या माणसाच्या गळ्यात पोलिसांची कटकट बांधायची नव्हती.

स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी, मात्र ठेवला. त्यासाठी फेंडरला भोक पाडलेलं असतं, त्यामुळे काढायचा तर नवा फेंडर आणि रंगकाम आलं. वापराचं म्हणाल, तर आपल्याकडे त्याचा खरा फायदा पाण्यापेक्षा धुळीत. ताफ्यात मागे चालताना वरची हवा स्वच्छ मिळते आणि एअर फिल्टर जास्त टिकतो. स्नॉर्कल आहे म्हणून खोल पाण्यात गाडी घालू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची तोंडं) उंचावर घेतले नसतील, तर पाणी तिथूनही शिरतं.

टायरचं गणितही समोर मांडलं. मूळ मापापेक्षा व्यास साधारण ४ टक्के मोठा, म्हणजे मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ ने पळते. ओडोमीटरही तेवढंच कमी मोजतं. घेणाऱ्याला हे आपणहून सांगावंच.

शेवटी गाडी घेतली दापोलीकडच्या एका बागायतदारांनी. फोटोंकडे त्यांनी बघितलंही नाही. आल्या आल्या टॉर्च घेऊन थेट गाडीखाली शिरले आणि आतूनच विचारलं, “चेसिसला वेल्डिंग कुठं कुठं आहे?” कुठंच नव्हतं. दारांखालचे संरक्षक पाइप, म्हणजे साइड स्लायडर, आणि खालची प्लेट, दोन्ही बोल्टवर बसवलेले. त्यांनी एकेक बोल्ट हाताने चाचपला, मागच्या लीफ स्प्रिंगचे शॅकल (स्प्रिंग चेसिसला जोडणाऱ्या कड्या) बघितले, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) तेलाचा ओघळ आहे का ते बोट फिरवून पाहिलं, आणि मगच भावाचं बोलणं निघालं. त्यांनी दिलेला भाव डीलरपेक्षा चांगलाच वर होता. मला त्याहून मोठा आनंद झाला, तो गाडी जाणत्या हातात गेल्याचा.

कागदपत्रांत ढिलाई नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. म्हणून मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि मूळ मापाची चाकं जपून ठेवली होती, ती गाडीबरोबरच दिली. स्टॉक सेट हाताशी असेल तर घेणारा निर्धास्त होतो. हा सेट भंगारात कधीच घालू नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी करा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फास्टॅग बंद करा, आणि नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्या नावावर राखून ठेवा. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि पुढच्या गाडीच्या विम्यात कामी येतो.

मागच्या हौद्यावर बसणारं बंद छप्पर, म्हणजे कॅनपी, अजून माझ्याकडेच आहे. त्याला व्ही-क्रॉसवालाच लागतो, दुसऱ्या पिकअपच्या हौद्यावर तो बसत नाही.