एलसी-ए प्लस, स्लाइड फिल्म आणि रंग पुसणारे स्कॅन : सात महिन्यांचा अनुभव

लोमो एलसी-ए प्लस हा फिल्म कॅमेरा घेऊन सात महिने झाले आणि नऊ रोल संपले. ३२ मिमीची मिनिटार लेन्स, अंतराच्या चार पायऱ्या आणि पूर्णपणे स्वयंचलित एक्स्पोजर हे सारे वाचकांना ठाऊक असल्याने कॅमेऱ्याची ओळख पुन्हा करून देत नाही. लिहायला बसलो ते एका लॅबशी झालेल्या वादामुळे. त्या वादानंतर, पहिले चार महिने मी जे मत उराशी बाळगून होतो आणि मित्रांनाही छातीठोकपणे सांगत होतो, ते मला मागे घ्यावे लागले.

ते मत असे होते की, आजच्या एक्टाक्रोम ई१०० या स्लाइड फिल्मवर (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या फिल्मवर) क्रॉस-प्रोसेसिंगचा, म्हणजे ती मुद्दाम रंगीत निगेटिव्हच्या रसायनांत धुण्याचा, फारसा परिणाम होत नाही. कोडॅकने २०१२ मध्ये एक्टाक्रोम बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१८ मध्ये ती पुन्हा आणली. हिरव्या-पिवळ्या रंगांची जी जुनी छायाचित्रे पाहून मी या नादाला लागलो, ती आधीच्या फिल्मवर काढलेली होती, तेव्हा नव्या फिल्मची घडणच वेगळी असणार, असा तर्क मी केला. चार रोल सी-४१ या निगेटिव्हच्या प्रक्रियेत धुऊन आणले आणि चारही रोलचे स्कॅन सारखेच फिकट, राखाडी आणि नको तितके दाणेदार निघाले. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून मला एक फ्रेम ७० ते ८० रुपयांना पडते, आणि एकाच फ्रेमवर एकावर एक दोन चित्रे घ्यायची (डबल एक्स्पोजर) म्हटल्यावर चुकलेल्या फ्रेमचे दुःखही दुप्पट होते. त्यामुळे पाचवा रोल घ्यावा की नाही, याचा मी गंभीरपणे विचार करत होतो.

मग एका रविवारी चौथ्या रोलची निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवली, डिजिटल कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून तिच्या प्रतिमा घेतल्या आणि सगळ्या फ्रेमचे रंग एकाच सेटिंगवर उलटवून, म्हणजे निगेटिव्हचे पॉझिटिव्ह करून, पाहिले. रंग तिथे होते! सावल्यांत गडद हिरवा, उन्हात लिंबासारखा पिवळा, आणि कॉन्ट्रास्ट इतका की भिंतीवरची उन्हाची तिरीप कापून चिकटवल्यासारखी दिसत होती. फिल्मने आपले काम चोख केले होते. रंग पुसले गेले होते ते स्कॅनमध्ये.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्लाइड फिल्म ई-६ या तिच्या स्वतःच्या धुलाईच्या प्रक्रियेसाठी घडवलेली असते. तिच्यातील रंग तयार करणारी द्रव्ये त्या प्रक्रियेतील सीडी-३ या डेव्हलपरशी जुळवलेली असतात, तर सी-४१ मध्ये सीडी-४ वापरतात. तीन थरांचा समतोल बिघडतो आणि आपल्याला हवा असलेला रंग या बिघाडातूनच येतो. शिवाय नेहमीच्या रंगीत निगेटिव्हला असतो तो नारिंगी मास्क, म्हणजे सगळ्या फिल्मभर असलेली नारिंगी छटा, स्लाइड फिल्मला नसतो. लॅबचा स्कॅनर तो मास्क गृहीत धरतो, फ्रेमला दिसेल त्या रंगछटेला दोष मानतो आणि प्रत्येक फ्रेम आपापल्या परीने ‘दुरुस्त’ करतो. ज्या छटेसाठी मी पैसे मोजले, तीच छटा काढून टाकण्याचे पैसेही मीच मोजत होतो, आणि याचा मला मनापासून संताप आला.

लॅबचे म्हणणे होते की स्कॅन ‘स्टँडर्ड’ आहेत. त्यांनी आधी रोल घ्यायलाच नकार दिला होता, कारण पाठीवर काजळीचा थर असलेल्या सिनेमाच्या फिल्मने त्यांची टाकी एकदा खराब झाली होती. ती भीती रास्तच आहे, पण ई१०० च्या रोलला तसा थर नसतो हे समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली. स्वयंचलित रंगदुरुस्ती बंद करून पुन्हा स्कॅन द्या, ही मागणी तीन फेऱ्यांनंतर मान्य झाली, आणि तीही अर्ध्या रोलपुरतीच. आता मी फक्त धुलाई करून घेतो आणि स्कॅन घरी करतो.

कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या एमएक्स कळीबद्दल मात्र मी निखळ आनंदाने लिहू शकतो. एक चित्र घ्यायचे, फिल्म पुढे नेणारे चाक न फिरवता कळ सरकवायची, की फिल्म जागची न हलता शटर पुन्हा सज्ज होते. अंगठ्याला प्रत्येक चित्रानंतर चाक फिरवण्याची सवय असते. ती मोडायला मला दोन रोल लागले.

यापेक्षाही मला आवडू लागले आहे ते आयएसओचे, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे हे कॅमेऱ्याला सांगणारे, छोटे चाक. या कॅमेऱ्यात लेन्सचे छिद्र आणि शटरचा वेग दोन्ही कॅमेराच ठरवतो, म्हणून प्रकाशावर आपले नियंत्रण राहते ते एवढ्या एका चाकामुळे. १०० च्या फिल्मवर दोन चित्रे घ्यायची असतील तर चाक २०० वर ठेवावे, म्हणजे प्रत्येक चित्राला निम्मा प्रकाश मिळतो, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम मी सुरुवातीला निमूटपणे पाळला. दोन्ही चित्रे सारखीच उजळ असतील तर तो बरोबर आहे. पण शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारी समोर उभे राहिले की आकाश पांढरे आणि दरवाजा जवळजवळ काळा दिसतो. फिल्मवर त्या काळ्या भागात पहिल्या वेळी काहीच उमटत नाही, म्हणून दुसरे चित्र तिथेच आणि तेवढ्याच जागेत बसते. त्याला निम्मा प्रकाश देणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे. त्यात क्रॉस-प्रोसेसिंगने सावल्या आधीच दबतात. माझी झेंडूच्या ढिगांची पहिली चार चित्रे अशीच चिखलात बुडाली.

आता मी दरवाजा २०० वर घेतो, कारण काळा भाग पाहून मीटर उगाच जास्त प्रकाश देऊ पाहतो, आणि मग चाक १०० वर आणून, मंडईत जाऊन, अंतर ०.८ मीटरवर ठेवून झेंडू घेतो. सातव्या रोलवर बुरुजांच्या आकारात भरलेला तो पिवळा रंग मिळाला, पाकळ्या सुट्या मोजता येतील इतका स्वच्छ, आणि कडेच्या सावल्या शेवाळासारख्या हिरव्या. मी ती फ्रेम मोठी छापून घेतली.

दोन चित्रांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर पडले की पहिले घेतले होते का, कळ सरकवली होती का, हे आठवत नाही, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पाहून ते कळत नाही. म्हणून खिशात वही ठेवतो व फ्रेमचा क्रमांक, आयएसओ आणि काळा भाग कोणत्या बाजूला आहे याचे चार रेघांचे रेखाटन लगेच करतो. दहावा रोल सध्या कॅमेऱ्यात आहे. चौदाव्या फ्रेमपुढे ‘विश्रामबागवाडा, सज्जा, २००, डावीकडे काळे’ एवढेच लिहिलेले आहे, आणि दुसऱ्या चित्रासाठी चाक १०० वर आणून ठेवले आहे.