अंगणातली माजलेली झुडपं: छाटायची, खणून काढायची, मशीन लावायचं की औषध?

झुडपं हाताबाहेर गेली की घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सगळं साफ करून टाका, दुसरी म्हणते अहो नुसतं छाटा की, कशाला एवढा उपद्व्याप. दोघांचंही बरोबर असू शकतं. झाड कुठलं आहे आणि ती जागा तुम्हाला पुढे कशासाठी हवीये, या दोन गोष्टींवर पद्धत ठरते, ताकद आणि पैसा हा विषय त्यानंतरचा.

आधी छाटणीचं बघू, कारण ती चालणार असेल तर बाकीचं वाचायचीही गरज नाही. जास्वंद, तगर, मेंदी, बोगनवेल ही मंडळी चिवट, गुडघ्याएवढी ठेवून कापली तरी खालून परत फुटतात. एकदम बोडकं करायला जीव धजत नसेल तर जुन्या जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश या वर्षी बुडातून काढा, तेवढ्याच पुढच्या वर्षी, तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि मधल्या काळात अंगण उघडंही पडत नाही. फांदी जिवंत आहे का कळत नसेल तर नखाने साल जराशी खरवडा, खाली हिरवं ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं निघालं तर ती गेली. पण मोरपंखी किंवा तिच्या जातीची झाडं असतील तर हा पर्याय विसरा. त्यांचा हिरवा भाग फक्त बाहेरून असतो, आत सगळं वाळकं, आणि त्या वाळक्या भागापर्यंत कापलं की तिथून पुन्हा काही फुटत नाही, कायमचं भगदाड राहतं. मोरपंखी भिंतीला घासायला लागली असेल तर सरळ काढायच्या तयारीला लागा.

आता एक पद्धत जी सगळेच करतात, जमिनीलगत सपाट कापून सोडून द्यायचं. दिसायला काम झालं, प्रत्यक्षात काहीच नाही झालं. घाणेरीसारखं झुडूप बुंध्यातून असं फुटतं की एका खोडाच्या जागी फांद्यांचं जंगल, आणि पुढच्या वेळी खणायला गेलात तर धरायला खोडच नाही.

खणून काढणार असाल तर म्हणूनच खोड कंबरेएवढं ठेवा. फांद्या उतरवा, खोड राहू द्या, तीच तुमची पहार. आदल्या दिवशी बुंध्याशी भरपूर पाणी सोडा, मग कुदळीने भोवती गोल चर काढा. झुडपाची बरीचशी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात त्यामुळे हे वाटतं तेवढं खोल काम नाहीये, रुंद काम आहे. आडवी मुळं दिसतील तशी कुऱ्हाडीने किंवा जुन्या करवतीने तोडा (चांगली करवत किंवा चेनसॉ मातीत घालू नका, दात लगेच बोथट होतात). मग खोड धरून चारी बाजूंनी हलवायचं. ज्या बाजूला हलत नाही त्या बाजूला अजून एक मूळ अडकलंय, तिथेच खणा, उगाच सगळीकडे नाही. शेवटी बुडाखालचं एखादं मूळ सुटलं की अख्खा गड्डा एकदम कलंडतो, तेव्हा पाय बाजूला ठेवा.

याच्या तुलनेत जेसीबी म्हणजे अर्ध्या तासात खेळ खल्लास, पण त्याला आत यायला गेट हवं, वळायला जागा हवी, आणि त्याच्या वजनाने माती दबते, फरशा फुटतात, सेप्टिक टँकचं झाकण, पाण्याची लाइन, जमिनीखालची केबल, काहीही जाऊ शकतं. दोन-चार झुडपांसाठी हा प्रकार नकोच, अख्खं कुंपण काढायचं असेल तर मात्र हाताने करण्यात अर्थ नाही. दोर बांधून गाडीने ओढायची आयडिया कोणीतरी देतंच, ऐकू नका. ताणलेला दोर किंवा हूक तुटला तर तो माणसाचा जीव घेऊ शकतो, गाडीचं नुकसान वेगळंच. बुंधा दळणारं ग्राइंडर मिळालं तर हिरवळ लावायला ते बेस्ट, पण ते वरचा काही इंचच दळतं, खालची मुळं तशीच, म्हणजे नेमकं तिथेच नवं झाड लावायचं असेल तर उपयोग नाही.

औषधाचं लोकांना फार आकर्षण, कारण कष्ट नाहीत. ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपायरसारखं तणनाशक ताज्या कापावर काही मिनिटांत लावलं तरच नीट काम करतं, उद्या लावू म्हटलं की गेलं. जाड बुंधा असेल तर सालीच्या लगतच्या कडेला ब्रशने लावायचं, मधल्या लाकडात ओतून फायदा नाही. पण बुंधा मेला तरी जागेवरच राहतो, कुजायला वर्षं लागतात. म्हणून मी हे फक्त एकाच ठिकाणी वापरेन, भिंतीला किंवा पाइपला चिकटून आलेलं झुडूप, जिथे कुदळ मारणं धोक्याचं आहे. त्यातही शेजारी त्याच मुळावरून आलेलं दुसरं रोप वाचवायचं असेल तर तेही मरू शकतं हे लक्षात ठेवा, लेबल पूर्ण वाचा, तुमच्याकडे ते वापरायला परवानगी आहे का तेही बघा. मीठ, डिझेल, ॲसिडवाले घरगुती उपाय बिलकुल नकोत, झुडूप जाईल न जाईल, मातीची वाट मात्र नक्की लागेल.

काहीही निवडलं तरी आधी काठीने झुडूप हलवून बघा, आत घरटं, गांधीलमाश्यांचं पोळं किंवा साप असू शकतो. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा. बोगनवेलीचे काटे पातळ हातमोज्यातून आरपार जातात, जाड चामड्याचे घ्या. आणि कण्हेर असेल तर जाळू नका, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, धूरसुद्धा, आणि तोडलेला पाला गुरं-शेळ्यांच्या तोंडाशी पडू देऊ नका.

माझं विचाराल तर एक-दोन झुडपं, मऊ माती आणि मदतीला एक माणूस असेल तर खणूनच काढा, त्याच दिवशी जागा मोकळी होते आणि लगेच दुसरं काही लावता येतं. खड्डा भरताना माती थराथराने पायाने दाबत भरा आणि वर वीतभर उंचवटा ठेवा, पाणी पडलं की ती बसतेच. त्यानंतर काही महिने तिथे कोंब दिसला की बोटभर असतानाच उपटायचा, कारण तुटून राहिलेल्या एखाद्या मुळातूनही काही झुडपं परत डोकं वर काढतात.