लेकरासाठी ॲप निवडताना: आधी ते थांबतं का बघा

दोन ते पाच वर्षांच्या लेकरासाठी ॲप शोधायला प्ले स्टोअर उघडलं की पहिल्या पानापासूनच गोंधळ. सगळीकडे डोळे मोठ्ठे केलेले प्राणी, आणि प्रत्येकाखाली ‘खेळता खेळता शिका’. ताऱ्यांवरून काही ठरत नाही, कारण तारे देणारे आईबाप आपल्याइतकेच घाईत असतात. लेकरू पाच मिनिटं गप बसलं, दिले पाच तारे.

म्हणून ॲप काय शिकवतं हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिल्यांदा बघते ते थांबतं का. एक गोष्ट, एक खेळ संपला की ते लेकराला मोकळं सोडतं, की लगेच पुढचं समोर ढकलतं? आणि थांबल्यावर लेकराकडे आपल्याशी बोलायला काही उरतं का? या दोन प्रश्नांवर बरीचशी ॲप गळून पडतात.

त्याआधी वयाचं सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०१९ च्या सूचना सरळ आहेत: पहिल्या वर्षात स्क्रीन नको, दुसऱ्या वर्षातही नकोच, दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी झाली तर बरंच. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच म्हणते. दोन वर्षांच्या आत त्यांनी सूट दिलीये ती नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलपुरती. कारण फक्त डोळ्यांचं नाही. अडीचेक वर्षांपर्यंतची मुलं समोरच्या माणसाकडून जे चटकन उचलतात, तेच पडद्यावरून उचलायला त्यांना जड जातं, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा ‘१ वर्ष+’ असं लिहून विकलं जाणारं काहीही खुशाल सोडून द्या. चाकणला कंपनीत असलेल्या बापाशी रात्री व्हिडिओ कॉल, दीड वर्षांच्या लेकराला एवढं पुरे.

आता घरोघरी खरं जे चालतं, ते यूट्यूब. लेकरू जेवत नाही, आजी म्हणते, “द्या की मोबाईल, किती रडायलंय ते”, आणि साधं यूट्यूब लावलं जातं. साधं यूट्यूब आणि यूट्यूब किड्स यांच्यात लोक फारसा फरक करत नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथंच आहे. साध्या यूट्यूबवर एक बालगीत संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, आणि चार गाण्यांनंतर लेकरू कुठं पोचलेलं असेल याचा नेम नाही. यूट्यूब किड्स भारतात २०१६ मध्ये आलं. त्यात चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वेगळा गट आहे, शोध बंद करता येतो, वेळ लावता येते, आणि २०२१ पासून पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू न होणं हीच त्याची मूळ सेटिंग आहे. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ‘फक्त मंजूर केलेलं’. तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनल सोडून लेकराला दुसरं काही दिसतच नाही. हे लावायला एकदा अर्धा तास जातो, पुढं महिनोन्‌महिने कटकट वाचते. जाहिराती यातही येतात, फक्त खाण्यापिण्याच्या पैसे देऊन केलेल्या जाहिरातींना तिथं बंदी आहे.

तरीही हे बघण्याचंच साधन. लेकरू काही करत नाही, नुसतं बघतं. घरात दुसरं काही बसवणं शक्य नसेल तर साधं यूट्यूब काढून हे ठेवा, पण ‘शैक्षणिक’ म्हणून मनाची समजूत घालू नका.

करण्याच्या ॲपमध्ये दोन नावं समोरासमोर ठेवते: खान अकॅडमी किड्स आणि किडोपिया.

खान अकॅडमी किड्स २०१८ मध्ये आलं, दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. पूर्ण फुकट, जाहिरात नाही, आत काही विकायला नाही. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, त्यामुळे ‘फुकट आहे म्हणजे कुठंतरी मेख असणार’ ही आपली शंका इथं लागू पडत नाही. कोडी नावाचं अस्वल लेकराला बोलावतं. गोष्टींची पुस्तकं आहेत, चित्रं रंगवायची जागा आहे, आकडे, आकार, जोड्या लावणं आहे. ऑफलाइन खेळांचा वेगळा भाग आहे, त्यामुळे बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या ज्या वाड्यांवर नेट येतं-जातं, तिथंही ते चालतं. अडचण एकच, पण मोठी: भाषा. बहुतेक सगळं अमेरिकन इंग्रजी उच्चारात. चार वर्षांचं लेकरू चित्र बघून खेळेल, पण सूचना काय होती ते त्याला कळणार नाही. शेजारी बसून कुणी मराठीत सांगितलं तर हे ॲप उत्तम. एकट्याच्या हातात दिलं तर निम्मं वाया.

किडोपिया मुंबईतल्या पेपर बोट ॲप्स या कंपनीचं. २०१९ मध्ये नझारा टेक्नॉलॉजीजनं त्या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा घेतला. इथं जाहिरात नाही, पण वर्गणी आहे. खेळ जास्त चकचकीत, नाटकी: दुकान मांडा, जेवण बनवा, बाहुलीला सजवा. लेकराला ते खानपेक्षा जास्त आवडण्याची शक्यता आहे, हे मान्य करायला हवं. पण मुंबईत बनलं म्हणून मराठी बोलेल असं समजू नका, तेही इंग्रजीच. मग निवाडा? पैसे द्यायचे असतील तर आधी महिनाभर खान वापरून बघा. लेकरू तेवढ्यात कंटाळलं, तर ते किडोपियालाही कंटाळेल, फक्त तेव्हा तुमच्या खिशातून.

लातूर-नांदेडकडच्या आईबापांना एक टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही. अडीच वर्षांच्या लेकराला ए-बी-सी-डी यावी म्हणून वर्गणी भरणारे घरोघरी दिसायलेत. लातूर पॅटर्न बारावीला आहे हो, नर्सरीला नाही.

यापुढचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण फसगत इथंच जास्त होते. ‘मराठी मुळाक्षरे’ असं शोधलं की डझनांनी फुकट ॲप दिसतात. यातली बरीच हिंदी वर्णमालेच्या साच्यावर मराठी नाव चिकटवून काढलेली असतात. ओळखायचं कसं? ॲप उघडा आणि सरळ ‘ळ’ शोधा. नसेल तर तिथंच काढून टाका. बाळ, फळा, शाळा, कमळ यांतलं अक्षरच नाही तर मराठी कसली! असेल तर पुढं ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. राज्य शासनानं नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी अक्षरांचं वळण ठरवून दिलंय, आणि अंगणवाडीत-शाळेत लेकराला तेच दिसणार आहे. ॲपवर एक वळण आणि पाटीवर दुसरं, असं झालं की पहिलीत गोंधळ उडतो. तिसरं म्हणजे आवाज. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ हे दोन शब्द ॲपकडून म्हणवून घ्या. दोन्हीतला च सारखाच ऐकू आला, तर तो आवाज मराठी माणसाचा नाही. आणि ‘ख खरगोशचा’ ऐकू आलं तर आणखी काही तपासायची गरजच नाही.

अक्षर गिरवण्याच्या ॲपचंही तसंच. पडद्यावर बोट कसंही फिरवलं तरी हिरवी बरोबरची खूण येते आणि टाळ्या वाजतात. अक्षर खालून वर काढलं काय, उलटं काढलं काय, ॲपला फरक पडत नाही. आपल्याकडं प्राथमिकच्या बाई वळणाच्या सारखेपणानं ग म भ न पासून सुरू करतात, त्याला कारण आहे: एका वळणातून दुसरं निघतं. ॲप मात्र अ आ इ ई अशा क्रमानं जातं, आणि ‘अ’ हे काही सोपं अक्षर नाही. चार वर्षांच्या आत गिरवणं करूच नका. करायचंच तर अंगणातल्या मातीत बोटानं करा.

शिवाय या फुकट मराठी ॲपमध्ये जाहिरातींचा मारा असतो. दर दोन-तीन अक्षरांनी पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात, बंद करायची फुली तिळाएवढी. लेकराचं बोट फुलीवर न पडता जाहिरातीवर पडतं, आणि पुढच्या क्षणी समोर पत्त्यांचा खेळ नाहीतर झटपट कर्ज. माझ्या भाचीच्या फोनवर असल्या एका ॲपमधून जाऊन दुसरी दोन ॲप उतरलेली सापडली. त्यावर साधा उपाय आहे: ॲप एकदा उघडून बघा, मग विमान मोड लावून पुन्हा उघडा. नेटशिवाय चालत असेल तर जाहिराती गायब. चालत नसेल तर ते ठेवण्याच्या लायकीचं नाही.

मराठीतलं सर्वांत भरवशाचं मला सापडलं ते ॲपपेक्षा वेबसाइट म्हणूनच जास्त वापरलं जातं. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर. चित्रांच्या गोष्टी, वाचनाच्या पातळ्यांप्रमाणे लावलेल्या, त्यात मराठीही भरपूर. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानावर एखाद-दोन ओळी असतात. मी वर म्हटलेल्या कसोटीत हे पहिलं येतं: गोष्ट संपली की संपली. पुढचं काही आपोआप उघडत नाही, टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. लेकरू म्हणतं “पुन्हा”, किंवा विचारतं “मग तो हत्ती कुठं गेला?” आणि बोलणं सुरू होतं.

यातल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्यामुळे उतरवून घेता येतात, छापता येतात. पीडीएफ व्हॉट्सॲपवर गावाकडं पाठवा, झेरॉक्सच्या दुकानात पानं काढा, टाचा, झालं पुस्तक. मोबाईल लागलाच नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच गोष्टी अनेक भाषांत आहेत. देगलूर-बिलोलीकडच्या घरात तेलुगू, उदगीरकडं कानडी, संभाजीनगरात कितीतरी घरांत उर्दू बोलली जाते. अशा घरात आजी एका भाषेत आणि आई दुसऱ्या भाषेत तीच गोष्ट वाचू शकते. बंजारा तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या लेकरासाठी आई चित्र बघून आपल्या बोलीत गोष्ट सांगू शकते. मजकूर कुठल्या भाषेत आहे याला त्या वयात महत्त्व नसतं. उणीव अशी की इथं कुणीतरी वाचून दाखवायला हवं. लेकराला गुंतवून आपण कामाला लागू, असं इथं होत नाही.

अक्षरं जुळवून वाचायला लागलेल्या, म्हणजे पाचच्या पुढच्या मुलासाठी गुगलचं रीड अलाँग वेगळ्या कामाचं आहे. २०१९ मध्ये ते ‘बोलो’ नावानं आलं, पुढं त्यात मराठी आली. मूल मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, अडलेला शब्द सांगतं. तीन वर्षांच्या लेकराला त्याचा उपयोग नाही.

सागो मिनी, टोका बोका यांसारखी नुसती खेळण्याची ॲपही असतात. बरोबर-चूक नाही, गुण नाहीत, फक्त दार उघडा, झाडावर चढा, आंघोळ घाला. बोलणं कमी असल्यानं भाषेची अडचण येत नाही. ‘शिकवणाऱ्या’ पुष्कळ ॲपपेक्षा मला ही प्रामाणिक वाटतात. पैसे मात्र मोजावे लागतात.

आणि एक ॲप फोनमध्ये आधीपासून असतं: आवाज रेकॉर्ड करायचं. ऊसतोडीच्या हंगामात बीड-धाराशिवकडची कितीतरी माणसं कारखान्यावर जातात आणि लेकरू गावात आजीजवळ राहतं. आईच्या आवाजातली एक गोष्ट, दोन बडबडगीतं रेकॉर्ड करून आजीच्या फोनवर ठेवली, की फोन उशाला उपडा ठेवून लेकरू ऐकू शकतं. पडदा बघायचा नाही, नेट लागत नाही, आणि आवाज ओळखीचा. उलटही चालतं: जात्यावरच्या ओव्या येणारी आजी घरात असेल तर तिच्या रेकॉर्ड करून ठेवा.

काहीही निवडलं तरी फोनची तयारी करावीच लागते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सुरक्षा भागात ॲप पिन करायची सोय आहे. पिन केलं की लेकराला त्या ॲपबाहेर सहजी पडता येत नाही. आयफोनमध्ये हेच गायडेड ॲक्सेस. प्ले स्टोअरवर ॲप उतरवण्याआधी नावाखालच्या दोन ओळी वाचा: ‘जाहिराती आहेत’ आणि ‘ॲपमधील खरेदी’. दोन्ही नसतील ते आधी बघा. खरेदीला दरवेळी पासवर्ड मागायची सेटिंग चालू करा, नाहीतर रंगीत बटण दाबायला लेकराला कुणी शिकवावं लागत नाही.

वर्गणीचं ॲप ‘सात दिवस फुकट’ म्हणून घेतलं असेल तर त्याच दिवशी फोनमध्ये सहाव्या दिवसाची आठवण लावा. ॲप काढून टाकल्यानं वर्गणी बंद होत नाही, इथं भले भले फसतात. प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या चित्रावर टिचकी मारून पेमेंट आणि सदस्यत्वात जा, तिथं रद्द करा. पैसे यूपीआयवरून जात असतील तर यूपीआयच्या ॲपमधल्या ऑटोपेच्या, म्हणजे आपोआप पैसे कापले जाण्याच्या, यादीतही एकदा डोकवा; तिथं लेकराचं ॲप सोडून तुमच्याच दोन जुन्या वर्गण्या चालू सापडल्या तर नवल नाही.