पंप उघडलाच नाही, बिल मात्र ओव्हरहॉलचं

लिहायला लाज वाटतेय, कारण हा व्हॅक्यूम पंप, म्हणजे बंद चेंबरमधली हवा ओढून काढणारा, नऊ वर्षं मीच सांभाळतोय. तेल मी बदलतो, चाललेले तास मी वहीत लिहितो, एक्झॉस्ट फिल्टर बसवला की त्याच्या पत्र्याच्या कडीवर मार्करने तारीख मी टाकतो. तरी गंडलो. 'एवढंही कळलं नाही?' असं विचारायचं असेल तर खुशाल विचारा, घरी रोज ऐकतोय.

पंप एका टप्प्याचा, तीन व्हेनचा (व्हेन म्हणजे आत फिरून हवा बाहेर ढकलणाऱ्या पात्या), 2 लिटर तेलाचा. रेझिनमधली हवा काढायच्या चेंबरला जोडलेला. चेंबर एरवी 5 मिलिबारच्या खाली उतरायचा (आकडा जितका कमी तितका निर्वात चांगला), तो 30 वर अडकला. 4 बॅच बुडबुड्यांनी वाया गेल्या. काचेतलं तेल दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी शिरलंय एवढं मला कळत होतं. पण ऑर्डर डोक्यावर, नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला. मग ओळखीतल्या ओळखीतून एक 'व्हॅक्यूमवाले साहेब' आले.

तुम्हाला आपल्या पंपाशी ताडून बघता यावं म्हणून हिशोब असा देतो: नव्या पंपाची किंमत 100 धरा. मी त्याला 58 मोजले. व्हेनचा संच 14, बेअरिंग आणि सील 11, एक्झॉस्ट फिल्टर 8, तेल 6 लिटर 7, मजुरी 18. त्यातले 30 पंप उचलताना, 28 परत आणताना. दोन्ही वेळा रोख. हो, रोख. पक्कं बिल मागितलं तर 'दादा, विश्वास नाही का?' म्हणाला, आणि मीच ओशाळलो.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते.

पहिल्या दिवशी त्याने पंपाच्या तोंडावर ब्लँक फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी चकती, लावला, वर स्वतःचं गेज बसवलं. इथवर सगळं बरोबर. चेंबर सोडवून नुसता पंप तपासायचा, हीच पहिली पायरी. पंप चालू झाला. मग त्याने खिशातून फडकं काढलं आणि पंपाचं अंग पुसायला लागला. वरची बाजू, मग तेलाची काच, मग गॅस बॅलास्टचा नॉब. नॉबवर हात जरा जास्तच रेंगाळला. आवाज बदलला, खरखरीत झाला. मी तो आवाज ऐकला! नऊ वर्षं ऐकतोय. दुधाळ तेल सुधारायला मी स्वतः तोच नॉब उघडून पंप अर्धा अर्धा तास गरम चालवतो. बॅलास्ट उघडा असला की पंप बाहेरची हवा आत घेतो आणि निर्वात पुरता लागत नाही, हे मला शाळकरी पोराला पाढे येतात तसं येतं. गेजवर 2 मिलिबार, नुसत्या पंपाला हे जास्तच. तो म्हणाला, 'बघा, व्हेन गेल्या.' मी मान डोलावली. का? कारण त्याच वेळी गिऱ्हाइकाचा फोन आला होता आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. हे कारण लंगडं आहे, मला ठाऊक आहे, पण खरं आहे.

चार दिवसांनी पंप आला, नव्या रंगात चकाचक. पुन्हा ब्लँक फ्लँज. या वेळी नॉब बंद. 0.6 मिलिबार, आणि पंपाची ती कोरडी टकटक. 'ऐकलंत? नव्या व्हेनचा आवाज!' अरे, चांगला निर्वात लागला की आतलं तेलच तसं ठोकतं, धडधाकट पंप वर्षानुवर्षं तसाच वाजतो. मी मात्र त्याला चहा पाजला. 'चेंबर आत्ता लावू नका, तेल उद्यापर्यंत मुरू द्या' म्हणाला. तेल काय लोणचं आहे मुरायला? पंप गरम व्हायच्या आत, पाच मिनिटांतच त्याने गेज काढूनही घेतलं होतं. दुरुस्तीनंतरचं वाचन पंप निदान अर्धा तास चालून तापल्यावरच घ्या, आणि गेज तुमचं हवं.

दुसऱ्या दिवशी चेंबर लावला. 30 मिलिबार. तिथेच. त्याचा फोन बंद.

40 तासांत तेल काळपट झालं, फेसाळलं, उग्र वास सुटला. तोवर नेहमीचा मिस्त्री परतला होता. त्याने कव्हरच्या बोल्टवरचा नवा रंग खरवडला. खाली कारखान्यातला जुना रंग बोल्टच्या डोक्यावरून कव्हरवर सलग, कुठे चीर नाही. पंप कधी खोललाच नव्हता. फिल्टरच्या कडीवर माझ्या हातची तारीख. तेल व्हॅक्यूम पंपाचं नव्हतं, वासावरून मिस्त्री म्हणाला हायड्रॉलिकचं. ते काढल्यावर तळाशी जुना गाळ जसाच्या तसा. आणि 'दोनदा धुऊन तिसऱ्यांदा भरलं' म्हणून 6 लिटर लावले होते! मग मिस्त्रीने खोलून व्हेन मोजल्या. मापात होत्या. योग्य तेल भरलं, तापल्यावरही पंप 0.5 वर. दोष चेंबरच्या झाकणाच्या गास्केटमध्ये, बोटभर भेग. तिथूनच दमट हवा तासन्‌तास पंपात जात होती. गास्केटला 1 सुद्धा लागला नाही, मिस्त्रीने सगळ्याचे 9 घेतले.

जुने भाग परत मागा, पैसे देण्याआधी. पंप पाठवताना प्रत्येक बोल्टचा फोटो काढा. तेलाचा डबा तुमच्यासमोर, सील तोडून. आणि कुणी पंप पुसायला लागला की त्याचा हात धरा.

मग तक्रारीची वारी. पोलीस चौकीत विचारलं, 'पंप परत मिळाला का?' मिळाला. 'चालतोय का?' आता चालतोय. 'मग गुन्हा कसला? दिवाणी बाब आहे.' तीन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून कथा. एकाने विचारलं, पंप विहिरीवरचा का? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर कळलं की मी धंद्यासाठी वापरतो म्हणून ग्राहकच नाही. मग कोण आहे मी? पंप बनवणाऱ्यांना लिहिलं, नुसतं एवढं पत्र द्या की आतले भाग मूळचे आहेत. उत्तर आलं: अनधिकृत व्यक्तीने पंप उघडला असल्यास आम्ही काही सांगू शकत नाही. मी फोनवर अक्षरशः ओरडलो, अहो, त्याने उघडला नाही हीच तर माझी तक्रार आहे! पलीकडून शांतपणे, 'तुमची नोंद घेतली आहे.'

शेवटी एका कार्यालयाने अर्ज ठेवून घेतला. गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. पुरावा म्हणून बदललेल्या जुन्या व्हेन सात दिवसांत जमा कराव्यात. व्हेन पंपात आहेत. हे लिहितोय तेव्हा मागे टकटकतायत.